चिमा काय कामाची

रास अल खैमात, शमालच्या रस्त्याला
आमची प्रयोगशाळा: दोन खोल्या, एक घरघरणारा फ्रीज.
गुरुवारी दुपारी सैफ बिन राशिद आला,
ओल्या फडक्यात खजुराची एकच पाती.
मोरीच्या पाण्यावर उगवलंय, म्हणाला.
बायकोने तिथे बी थुंकली होती,
आजारी पडायच्या आधी.
मुलगा म्हणतो, नर असेल तर उपटू,
गाडीला जागा होईल.

खजूर पाच-सहा वर्षं तोंड उघडत नाही.
फुलोरा आला की मगच कळतं, कोण ते.
आम्हाला चार तास पुरतात.

द्रव नायट्रोजनमध्ये पाती काचेसारखी फुटली.
मशीन फिरत होतं तोवर मी डबा उघडला.
गार थालीपीठ, आणि डोक्यात तेच ते:

गुणसूत्रांच्या बाकी सगळ्या जोड्या अजून गळाभेट घेतात,
तुझा तुकडा मला, माझा तुला,
चुकलेलं अक्षर असं निसटून जातं.
एका जोडीने मात्र कधीतरी बोलणं टाकलं.
भांडण नव्हतं. एक तुकडा उलटा बसला असेल,
ओळीला ओळ लागेना.
टोकाला तेवढी ओळख उरली,
लग्नकार्यात दुरून हात जोडावेत तशी.
मधल्या पानांवर लाखो वर्षांची शांतता.
एकट्याच्या वहीत चुका साचत जातात,
ताडून बघायला दुसरी वही नाही.
माणसाच्या वायची तर शेकड्याला तीन पानंही उरली नसतील.
खजुराचा अबोला त्यामानाने कोवळा.

पण माणसाचा वाय मुकाट झिजत नाही.
शाळेत आम्ही फळ्यावर लिहायचो,
चिमा काय कामाची,
इकडून वाचा, तिकडून वाचा, चिमा तीच.
तसलीच वाक्यं त्याने पोटाशी धरलीत.
एक बाजू बिघडली की दुसरीवरून उतरवून घेतो.
स्वतःच स्वतःचा शेजारी.

मादीच्या रांगेत एक पट्टी.
याच्या रांगेत दोन.

"फहल," मी बाहेर येऊन म्हणाले.
सैफने मान हलवली. पायऱ्यांवरची वाळू
चपलेने एका बाजूला सारली, पुन्हा पसरली.
माझ्या मोडक्या अरबीत मी विचारलं,
त्यांनी कुठला खजूर खाल्ला होता?
लूलू असेल, म्हणाला. किंवा बाजारातला कुठलाही.
बागेत दीडशे झाडं आहेत माझी,
सगळी आईच्या बुडाशी फुटलेली,
आईच, पुन्हा आईच.
हा एक कुणासारखाच नाही.

मग हिशेबी आवाजात:
याचा पराग चालेल?
चालेल, म्हटलं. दोन-तीन वर्षं थांबा.

अर्जावर "शिफारस" असा एक रकाना असतो.
मी तो कोरा सोडला.
त्याने साठ दिरहम मोजून ठेवले,
गाडी बाहेरच राहील म्हणाला, मुलाला उद्देशून बहुतेक,
मुलगा तिथे नव्हता.

फडकं विसरलाय.
खिडकीत वाळत घातलंय.