यादीतलं नाव

लाखांदूर तालुक्यात, चुलबंदच्या अलीकडे,
आमच्या गावच्या राइसमिलीत
एक जुनं सॉर्टर आहे.
त्याच्या कॅमेऱ्याचं कार्ड कुठल्या कंपनीचं
हे आता कोणालाच सांगता येत नाही.
म्हणून त्याचा ड्रायव्हर मी लिहिला,
मागच्या उन्हाळ्यात, अंगणातल्या बाजेवर बसून,
सहाशे ओळी आणि वर थोड्या.
नाव ठेवलं डोळा.

डोळा उघडा असला की
तांदळातला काळा दाणा दिसतो,
हवेची एक फुंकर, आणि तो बाजूला.
मिटला की सगळे दाणे एका जातीचे.

आणि लाईन जायची.
रात्री दीडला, पावणेतीनला, पुन्हा चारला.
आली की कॉम्प्युटर आपला आपण उठायचा,
कीबोर्ड ओळखायचा, पडदा ओळखायचा,
घड्याळ जुळवायचा,
फक्त डोळ्याला हाक मारायचा नाही.
मग डाकराम काकांचा फोन:
"ताई, आंधळं झालं वो पुन्हा."
मी मच्छरदाणीतून हात काढून
लॅपटॉप ओढायची, एक ओळ टाइप करायची,
पलीकडून काका म्हणायचे,
"हो, दिसून राह्यलं आता."

काकांनी जवानीत वडशाच्या नाटक कंपनीत
पडद्यामागून वाक्यं पुरवलेली,
हातात टॉर्च, मांडीवर वही.
त्यांनीच एकदा विचारलं,
"पात्र तं विंगेत उभं आहे ना, रंगून-बिंगून?
मग एन्ट्री काऊन होत नाही?"
यादीत नाव नाही, काका.
"मग लिहून टाक ना माय!"

इतकं सोपं नव्हतं. इतकंच सोपं होतं.
एक फाईल, तिच्यात एक शब्द.
पहिल्यांदा मी नावाला शेपूट ठेवलं,
टिंब, के, ओ. कोणी आलं नाही.
दुसऱ्यांदा शेपूट कापलं,
पण गोतावळ्याची वही नव्यानं मांडायची राहिली,
आणि कोण कोणाच्या आधारानं उभं
हे वहीत सापडल्याशिवाय
कर्नेल कोणाला आत घेत नाही.
(कर्नेल म्हणजे दाण्याचा गर.
मिलीत वाढलेल्या पोरीला
हा शब्द समजावून सांगावा लागला नाही.)

तिसऱ्यांदा मेन स्विच मीच पाडला.
अंधारात मी, काका आणि कोंड्याचा वास.
दहापर्यंत मोजलं. वर केला.
पडद्यावर ओळी सरसर वर गेल्या,
त्यांत मधेच कुठेतरी, पाव सेकंद,
डोळा.
काकांना ती ओळ दिसली नाही.
त्यांना फुंकर ऐकू आली. फट्. फट्फट्. फट्.
"आला," म्हणाले, आणि खर्रा काढला.

आता लाईन जाते, येते.
मला कोणी उठवत नाही.
तरी पावणेतीनला जाग येते,
पडल्यापडल्या बांध्यांपलीकडे कान लावते.

त्या फाईलीत, नावाच्या वर,
मी एक ओळ लिहून ठेवली आहे,
सुरुवातीला हॅशचं चिन्ह, म्हणजे मशीन
तिला ओलांडून पुढं जातं:

नवा कर्नेल टाकला तर हा डोळा बसणार नाही,
पुन्हा घडवावा लागेल.
देवांगना बेदरेला उठवावं.
कितीही वाजले असोत.