पंचवीस किलोचा काटा

अंगणवाडीच्या आढ्याले टांगला हाय काटा.
गोल तबकडी, खाली निळी झोळी,
अन् आकडे पंचवीसपर्यंतच.
त्याच्यापुढंही माणूस असते
हे त्याले ठाऊक नाही.

महिन्यातून एकदा मी लेकरं टांगते,
सुगंधाताई वहीत लिहिते.
रितेश वाघाडे, नऊ किलो दोनशे.
मागच्या खेपीपेक्षा तीनशे जास्त.
रितेशची माय पदर तोंडाशी धरून हासते.
आमच्या खोलीत वजन वाढलं का बरंच असते,
चौदा वर्षं झाले, हेच पाहून राह्यली मी.

म्हणून काल आरोग्य केंद्रात
चप्पल काढून काट्यावर चढली,
नर्स बोलली, "ब्याऐंशी,"
तर सवयीनं हासली.

डॉक्टरीण नाही हासली.
कमरेले टेप लावला तिनं.
लेकरायच्या दंडाची पट्टी लाल, पिवळी, हिरवी असते,
ह्या टेपले रंग नव्हते,
मी तिच्याच तोंडाकडं पाह्यलं.
साखर उपाशीपोटी एकशे अडुसष्ट.
बीपीची गोळी एकाची दोन.
गुडघ्याचा फोटो खिडकीत धरला
तर हाडाले हाड टेकलेलं,
काळीपिवळीत कोंबल्यावाणी.
"एक किलो उतरला ना पंचफुलाबाई,
तर चालताना गुडघ्यावरचे चार उतरतात."
मंग विचारलं, "खाता काय?"
भाकर, वरण, भात, भाजी.
खोटं नव्हतं.
पातेल्याचं तेवढं नाही सांगतलं.

पातेल्याचं असं हाय:
खिचडी शिजते बावीस लेकरायची, येतात सतरा.
उरलेलं फेकाले जीव धजत नाही.
बुडाची खरड, लाल, तेलकट,
मी उभ्या उभ्या खाते.
उभ्यानं खाल्लेलं आपण मोजत नाही.
मंग घरी जाऊन जेवते,
काहून का ते तर जेवण होय.

लगनात मी अशी चिपाड होती
का सासऱ्यानं भर मांडवात मायले विचारलं,
"पोरीले खायले देत होत्या का नाही?"
माय खाली पाहून पानं वाढत राह्यली.
ते बोलणं
मी तीस वर्षं खाऊन राह्यली.

आज लेकरं गेल्यावर
बूड खरडलं, रुमालात बांधलं,
अन् रितेशच्या झोळीत ठेवलं.
सुई हलली, थरथरली, थांबली.
नऊशे ग्राम.
गुडघा दुखत होता, तरी उभीच राह्यली मी पाहत.

सुगंधाताईनं सवयीनं वही उघडली,
पेनाचं टोपण काढलं,
अन् विचारलं,
"कोणाच्या नावापुढं लिहू?"