जर्सी जमा

झनक सिडाम, तू चाललास म्हणून
फाट्यावर सकाळपासून आम्ही सतरा जण उभे.
कोणी कोणाला बोलावलं नव्हतं.
ढुमण्याचा पोट्टा म्हणाला, मी तं बिडी घ्यायले आलो.
तो बिडी पीत नाही.

खाणीच्या ढिगाऱ्याखाली आपलं ग्राउंड.
अडीचचा भोंगा झाला की सुरुंग,
सुरुंग उडाला की गोलचे बांबू हलायचे
आणि सगळे थांबायचे, रेफरी, गाई, आम्ही.
तू थांबायचा नाहीस.
हलत्या बांबूंमधून मारलेला तुझा तो गोल
कोणी मोजला नाही,
अजून कोणी विसरलाही नाही.

पऱ्हाटीच्या काठानं, जिथं
बकरीलाही वळायला जागा नाही,
तिथून तू तिघांना बाजूला काढायचास
जसे कोणी भातातले खडे काढावेत,
जेवता जेवता, बोलता बोलता.
कोळशाच्या धुळीत अकरा जर्सींचा रंग एकच व्हायचा,
पण तू कुठला ते आंधळ्या शेवंताबाईलाही कळायचं,
लोकांच्या श्वासावरून, म्हणायची.

आणि मग तू रेफरीच्या शिट्टीत माती भरलीस.
मग इस्माईलचा दात पाडलास,
आपल्याच गोलकीपरचा,
मॅच जिंकल्यावर, तीन-शून्यनं.
कारण काय, तर तो म्हणाला, पास देत जा ना बे.
सहा वर्षं आम्ही तुझ्या नावानं बोंबललो.
दोन्ही अर्थांनी.

तान्ह्या पोळ्याची फायनल. समोर सिमेंटवाले.
शेवटच्या मिनिटाला पेनल्टी, आणि तू.
बॉल बांबूवरून, रस्त्यावरून,
नाल्यापलीकडच्या तुरीत.
तू वळून पाहिलंही नाहीस कुठं गेला ते.
पुढच्या बाजाराच्या दिवशी तुझ्या दारात गाडी,
जुनी, पण टाकी चकचकीत.
आम्ही विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस.
साऱ्या गावाला माहीत होतं,
म्हणजे कोणालाच माहीत नव्हतं.
माघात तूर कापताना बॉल सापडला,
हवा गेलेला, आत मुंग्यांचं घर.

आता त्याच सिमेंटवाल्यांकडे चाललास.
ठेकेदाराच्या हजेरीपटावर नाव, महिन्याला पगार,
बूट कंपनीचे.
मीही गेलो असतो.
माझ्या पायात तसं काही असतं, तर.

काळीपिवळी आली. इस्माईलनं तुझी बॅग टपावर चढवली,
दोरी दोनदा ओढून पाहिली,
आणि जिथं दात नाही तिथून हसला.
तू काहीतरी म्हणालास त्याला. इंजिनमध्ये ऐकू आलं नाही.
इस्माईल अजूनही सांगत नाही.

तेवढ्यात उरकुडे मास्तर, सायकलवर, धापा टाकत,
कॅरिअरला मंडळाचं रजिस्टर.
जर्सी मंडळाची हाय बापू, जमा कर.
तू पाहिलंस त्यांच्याकडे. आम्हाला वाटलं, आता दुसरा दात.
पण तू तिथंच, भर रस्त्यात, नऊ नंबर अंगातून काढलास
आणि घडी घातलीस.
घडी! तू!
भोकाच्या बनियानमध्ये किती बारीक दिसत होतास.
पौषातला वारा. कोणी हसलं नाही.

मास्तरांनी लिहिलं:
नऊ नंबर, जमा. डावी बाही उसवलेली. धुतलेली नाही.
खाली तू सही केलीस,
चौकटीच्या बाहेर गेली, नेहमीसारखी ऑफसाइड.
मास्तरांनी पहिल्यांदाच शिट्टी वाजवली नाही.

चाल ना बे, ड्रायव्हर म्हणाला.

दिवाळीनंतर तू आमच्या गोलवर चालून येशील.
समोर इस्माईल असेल.
तेव्हा कोणाच्या नावानं ओरडायचं
ते अजून ठरलेलं नाही. मास्तर म्हणतात, मीटिंग घेऊ.

धूळ खाली बसली तरी आम्ही तिथंच.
ढुमण्याच्या पोट्ट्यानं शेवटी एक बिडी घेतली.
तीन काड्या गेल्या.
पेटवता आली नाही त्याला.