पहाटे तीनचा आकडा

सावद्याच्या वखारीत माझी रात्रपाळी.
पावणेतीनला सायकल काढतो, दहा मिनिटांत घरी,
हात कोपरापर्यंत धुतो (केळीचा चीक काही जात नाही)
आणि गोधडीत हर्षालीचं बोट शोधतो.
काल मधलं झालं. परवा करंगळी.
आज अनामिका.
ती डोळे उघडत नाही. 'मले झोपू द्या ना, पप्पा,' म्हणते
आणि बोट मात्र स्वतःच पुढे करते.

पट्टीवर तिळाएवढं रक्त.
यंत्र पाचपासून उलटं मोजतं.
दोनशे अठ्ठ्याऐंशी.

झोपताना एकशे तीस होती.
मी डब्यांची झाकणं तपासली. दराब्याचा डबा हुंगला.
उशीखाली हात घातला,
दप्तर उलटं केलं,
सांगायला लाज वाटते, पण अकरा वर्षांच्या पोरीची
झडती घेतली.
महिनाभर हेच. डोस वाढवला की आकडा त्याच्याही वर.
वैजयंता म्हणाली, काहीतरी आतून बिघडत चाललंय.

भुसावळला बोंडे मॅडमनी वही चाळली.
वही वखारीचीच: मागून क्रेटचा हिशेब, पुढून पोरीचा.
त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचली.

मग म्हणाल्या, समजा रक्त म्हणजे तुमचा स्टेशन रोड.
साखरेचे ट्रक रांगेत. ते उतरवणारे हमाल म्हणजे इन्सुलिन.
हिचे हमाल घरच्याच राखणदारांनी
चोर समजून मारले, हे तुम्हाला माहीत आहे.
तुम्ही सुईतून पाठवता ते रोजंदारीवरचे, मोजके.
आता डोक्यात, मेंदूच्या पोटाशी
हरभऱ्याएवढी एक ग्रंथी लोंबते.
पोर गाढ झोपली की तिथून मुकादम निघतो.
त्याला हाडं लांबवायची असतात.
तो यकृताच्या कोठारात जाऊन सांगतो, माल काढा.
हमालांना सांगतो, थांबा जरा, आज तुमचं ऐकणार नाही कुणी.
माझ्या-तुमच्या अंगात तेव्हा जास्तीचे हमाल धावतात.
हिच्यात कोण धावणार?

'म्हणजे तिनं काही खाल्लं नव्हतं?'
मॅडमनी चष्मा काढला.
'ती वाढतेय हो. तेवढंच करतेय ती.'

बाहेर सेहेचाळीस डिग्री. डांबर चपलेला ओढत होतं.
परतीच्या गाडीत मी कुणाशी बोललो नाही.
वैजयंतानं दोनदा विचारलं, मग खिडकीकडे बघत बसली.

मे महिन्यात लाइट गेली की
इन्सुलिनची बाटली मी वखारीत नेतो.
तिथं जनरेटर आहे. केळी सतरा डिग्रीत पिकतात.
हिरव्या फण्यांवर गॅस सोडायचा, दार लावायचं,
चौथ्या दिवशी पिठाची साखर झालेली असते.
बावीस वर्षं मी हे करतोय
आणि एकदाही केळ्यावर चिडलो नाही, की बाबा, गोड का झालास.

रविवारी तिला चौकटीला उभं केलं.
टाचा टेकव. टेकवल्यात. मान सरळ.
पेन्सिल सापडेना, म्हणून बोटावरचा ताजा चीक
डोक्याच्या रेषेत ओढला.
'पप्पा, काहीच दिसत नाही.'
चीक तसाच असतो. लावताना पाणी.
आठ-दहा दिवसांनी तपकिरी उमटतो
आणि मग चुना फासला तरी जात नाही.

आज तीनला दोनशे चौदा.
मुकादमाच्या नावानं दोन युनिट जास्त दिले,
वहीत तसं लिहिलंही.
गोधडी पायापर्यंत ओढायला गेलो,
पुरली नाही.