खुडूक

कळंबला मुंदडाशेठनं पहिलंच विचारलं,
"लोड किती?"
मी म्हणाले, एकशेवीस अंडी.
तो हसला नाही. कागद ओढून लिहीत गेला:
हीटर दोनशे, पंखा वीस,
अंडी फिरवायची मोटर, किरकोळ.
"लाईट किती तास जाते?"
वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे,
लाईट ते वाचत नाही.

"साध्या इन्व्हर्टरवर पंखा गुरगुरतो, ताई,
प्युअर साईन वेव्ह घ्या,"
त्यानं बोटानं हवेत लाट काढली.
एवढी लाट मी मांजरेतसुद्धा बघितली नव्हती.
बॅटरी दीडशे अँपिअरची.
किंमत मात्र त्यानं कागदाच्या मागल्या बाजूला लिहिली.

इद्रिस वायरमन म्हणाला, जनरेटर बघा की,
मंडपवाल्याचा आहे, वापरलेला, स्वस्तात.
पण रात्री दोनला त्याची दोरी कोण ओढणार?
आणि त्या आवाजात पिलं कवचातच बहिरी व्हायची.
सोलरचं बचत गटात काढलं, तर
छपरावर माकडं येतात, यावरच बैठक संपली.

ठरत नव्हतं, तेवढ्यात अठरावा दिवस.
रात्री अकराला मशीनचा लाल दिवा गेला.
सदतीस पॉइंट पाच.
गोधडी टाकली, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या.
छत्तीस. पस्तीस.
चंद्रकला मावशीचं दार वाजवलं.
तिनं काहीच विचारलं नाही,
डालग्याखालच्या दोन खुडूक कोंबड्या
पदरात गुंडाळून दिल्या, वर एक शिवी, लाईटला.

एकीखाली बारा मावतात. दोघींखाली चोवीस.
मोबाइलच्या उजेडात एकेक अंडं धरून बघितलं.
आत हललं ते उचललं.
न हललेली परत ठेवताना
हात उगाच हळू झाला.

चार वाजता लाईट आली,
पाहुण्यासारखी, काही झालंच नाही अशी.

पुढच्या बाजारी बॅटरी घेतली, हप्त्यानं.
महिन्याला तिचं पाणी बघते.
मावशी म्हणते, पोरी, त्या दोन कोंबड्या विकू नको.

आणि मशीनमध्ये राहिलेल्यांतलं एक,
मी हललं नाही म्हणून ठेवलेलं,
तेविसाव्या दिवशी फुटलं.
आता दाणे टाकले की सगळ्यात आधी
तीच येते, तलंग,
माझ्या पायाच्या बोटावर टोच मारते.