तिकांड्याखालचा घोडा

आमचं दुकान चोपड्याला.
मोटार रिवायंडिंग. पाटीवर नाव नवऱ्याचं,
तार गुंडाळते मी.
चोवीस खाचा, एकेका खाचेत बेचाळीस वेढे,
मोजताना कुणी हाक मारली तर मी ओ देत नाही.
ही सवय पुढे आकाशात उपयोगी पडली.

कॅमेरा भटू फोटोवाल्याचा, लग्नांत झिजलेला.
हळदी, सप्तपद्या, रुसलेल्या जावा.
त्याच्या आतली एक काच काढून टाकली
ब्लेडच्या टोकाने, श्वास रोखून
(त्या दिवशी दुकान बंद).
तेव्हापासून त्याला माणसं तांबडीभडक दिसतात
आणि आकाशातला हायड्रोजन
जसा आहे तसा.

मार्गशीर्षातली अमावस्या.
उनपदेवच्या वाटेवर झुलाल आबांचा गहू,
शेजारी केळी, आणि केळीचं दव म्हणजे
भिंगावर कुणी रात्रभर तोंडाची वाफ सोडावी तसं.
म्हणून निक्रोमची तार मोज्यात शिवून
नळीच्या तोंडाला बांधते.
मोजा मुलाचा. तो अजून विषय काढतो.

तिकांड्यातला डावीकडचा तारा,
त्याच्या खाली अर्ध्या बोटावर.
डोळ्यांना तिथे काहीच नाही.
दुर्बिणीलाही नाही.
तीन मिनिटं उघडी ठेवली की एका फ्रेमवर
पान खाऊन कुणी लांबून हसल्यासारखी लाली.
मग दुसरी. मग एकोणिसावी.
चार रात्री, एकशे त्रेसष्ट.
मधूनमधून झाकण लावून नुसत्या अंधाराचे घ्यायचे,
तेवढीच मिनिटं, तेवढ्याच थंडीत,
म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात त्याचा स्वतःचा किती कचरा
ते कळतं, आणि वजा करता येतं.
नवरा म्हणाला, झाकण लावून फोटो?
आणि कूस बदलली.

बाराला शेतीची लाईन आली.
शिवारात एकेक मोटार घरघरली,
त्यातल्या तीन माझ्या हातच्या, आवाजावरून ओळखते.
आबा दारं धरायला निघाले, कपाळाला बॅटरी,
आणि मी ओरडायच्या आत
थेट नळीत डोकावले.
सत्तावन्नावी फ्रेम पांढरी.

स्क्रीन दाखवली, दुसरं काय करणार.
आबा पंचवीस वर्षं सारंगखेड्याला घोडे नेत होते,
दात बघून वय सांगणारा माणूस.
यंदाची यात्राही तिकडे उठत आलेली.
लालीत उभी ती काळी मान बघून
बॅटरी त्यांनी आपली आपण विझवली.
"हाऊ ते घोडा शे."
मग वाकून, "मान बेस शे. कान कोठे शेतस?"
मग बराच वेळाने,
"बांधेल शे, का मोकया?"

मी सातपुड्याच्या वर बोट केलं.
ध्रुवाच्या खुंट्याला, आबा. सगळंच त्याला बांधलेलं,
माझी ही भंगारातली मोटारसुद्धा
त्याच्याचभोवती फिरवते नळीला,
दिवसाला एक फेरा, चार मिनिटं कमी.
"मंग दावं भलतं लांबं शे," म्हणाले
आणि पळाले. पाणी वाफा फोडून चाललं होतं.

सांगायचं राहिलं की तिथे घोडा नाही.
धूळ आहे. मागून लाल उजेड येतो
तो अडवून उभी.

घरी जोडणी केली, एकावर एक.
प्रत्येक फ्रेममध्ये येतं ते ठेवायचं, हा प्रोग्रॅमचा नियम,
एकदाच येऊन गेलेलं तो काढून टाकतो.
विमान. उपग्रह. आबा.

फोटो मोठा करून त्यांना दिला. लॅमिनेशन नको म्हणाले.
मोटारीच्या खोलीत लावलाय, स्टार्टरच्या वर.
परवा जळालेली मोटार सोडवायला गेलो
तर घोड्यावर वावरातली धूळ बसलेली.
आबा पंचा घेऊन उठले.
राहू द्या, म्हटलं,
कुठली तिथली आणि कुठली इथली
आता निवडायची कशी.

मोटार उघडली. दोन वेढे कमी.
माझ्या हातची नव्हती ती.