सगळ्यांची गेली, की माझीच?

खांबावरून पडलो त्या वर्षी
खात्याने मला खाली ठेवून घेतलं.
एक टेबल, एक रजिस्टर, एक काळा फोन.
उजवा पाय दीड इंच आखूड,
पण खांबांचे नंबर अजून तोंडपाठ.

वीज जाते तेव्हा ऑफिसातलीही जाते.
लोकांना हे पटत नाही.
त्यांना वाटतं, आम्ही इथे पंख्याखाली बसून
बटण दाबतो आणि गाव विझवतो.
मी खणात चाचपत असतो मेणबत्ती,
फेस्ताच्या फेरीतली, अर्धी वितळलेली,
घाम कोपरावरून रजिस्टरावर ठिबकतो,
आणि फोन वाजतो.
फोनला मात्र स्वतःची वीज असते.

पंधरा किलो इसवण आहे फ्रीजरात, कोण भरून देणार?
मुलीचा उद्या गणिताचा पेपर आहे हो.
हॉलात लग्न आहे, बँडवाले नुसते जेवत बसलेत.
गेस्ट हाऊसवाला हिंदीत शिव्या देतो,
त्याचं गिऱ्हाईक एसीचे पैसे परत मागतंय.
एक बाई काहीच बोलत नाही,
बाळाचं रडणं ऐकवते फक्त, आणि ठेवून देते.
ते मी 'इतर'मध्ये लिहितो.

सांगायचं तेवढं सांगतो :
चुडत पडलंय तारेवर, माणूस गेलाय.
फ्रीज उघडू नका.
ओला पंचा मानेवर टाका, बलकांवात बसा,
काजूच्या बागेकडून येईल थोडा वारा.
येत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

चोडणचा सिप्रियान मात्र भांडत नाही.
तारवटी होता तो. एकतीस वर्षं इंजिनरूममध्ये.
आता खारफुटीच्या कडेला एकटाच.
एवढंच विचारतो :
"सगळ्यांची गेली रे, की माझीच?"
"सगळ्यांची, सिप्रियानबाब."
"हां. मग बरं."
कधी येणार, हे त्याने आजवर विचारलेलं नाही.

एकदा मीच विचारलं, बरं कसलं त्यात?
म्हणाला, बोटीवर गेली की सगळ्यांची जाते.
कॅप्टनची जाते, भांडी घासणाऱ्याची जाते.
चारशे माणसं काळोखात एकदम गप्प होतात
आणि मग कुणीतरी खोकतं.
त्या खोकण्यावर झोप लागायची, म्हणाला.

मार्चअखेरची एक रात्र.
कुठेच काही बिघाड नाही.
डोक्यावर पंखा, ट्यूबपाशी पाल,
सगुण बाकड्यावर घोरत.
अडीचला फोन.
"सगळ्यांची गेली, की माझीच?"

मी ट्यूबकडे पाहिलं. पालीने एक पाखरू धरलं होतं.
"सगळ्यांची," म्हणालो.
"मग बरं."

ठेवला फोन. लंगडत उठलो,
ट्यूब बंद केली, पंखाही.
सगुण जागा होऊन म्हणाला, गेली काय?
म्हटलं, हो. झोप.
पहाटेच्या फेरीबोटीने तुला चोडणला जायचंय.

दोघे घामात पडून राहिलो उजाडेपर्यंत.
डासांनी तेवढी चैन केली.

दहाला सगुण परतला.
फ्यूज उडाला होता. वटवाघूळ. पाच मिनिटांचं काम.
म्हाताऱ्याने काळा चहा पाजला,
बोटीवरचा एक जुना पान्हा दाखवला.
जाताना म्हणाला,
रात्रभर मी इथेच होतो खुर्ची टाकून,
रायबंदरचे दिवे दिसत होते पाण्यात,
सगळेच्या सगळे.
"फोनवाल्याला सांगू नको."

सगुणच्या पोटात काही राहत नाही.
मी रजिस्टर ओढलं,
कारण : वटवाघूळ,
वेळ : दोन तीस,
बाधित ग्राहक :
इथे थोडा थांबलो, आणि दोन लिहिले.

आज संध्याकाळी गेली ती खरीच, सगळ्यांची.
समोरच्या पोदेराच्या दुकानात कुणी काडी ओढली,
कुत्री भुंकली, मग थांबली.
फोन वाजायच्या आधीच
मी हात ठेवून बसलो होतो त्याच्यावर.